आभाळ पाहणाऱ्यांची वही



आज आपण थोडा इतिहास ऐकणार आहोत. या इतिहासात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आभाळाकडे पाहणारी आणि जे पाहिलं ते रोज लिहून ठेवणारी साधी माणसं आहेत. त्यातल्या बहुतेकांना या कामाचा पगार नव्हता. आज रेडिओवर पावसाचा अंदाज ऐकू येतो, मोबाइलवर विजेचा इशारा येतो. त्याच्या मुळाशी अशा माणसांच्या वह्या आहेत.

हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात निंदण, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी ही कामं मुख्यतः बायांच्याच हातची. विजेचा धोका सगळ्यात जास्त असतो तो दुपारनंतर, दिवस बुडेपर्यंत. नेमक्या त्याच वेळी आपण वावरात वाकलेल्या असतो. देशात दरवर्षी वीज पडून दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यात खेड्यातली, शेतात राबणारी माणसंच जास्त. आणि आभाळ भरून येतं तेव्हा ते कळत नाही असं थोडंच आहे? रांगेतली एखादी म्हातारी बाई उभी राहते, वाऱ्याकडे तोंड करते आणि म्हणते, "चला गं, हे काही खरं नाही." तिला कळलेलं असतं. पण मागून आवाज येतो, "एवढी ओळ होऊ द्या, मग जाऊ." त्या एका ओळीत कधी कधी जीव जातो.

म्हणजे पाहणं आपल्याला येतं. प्रश्न पुढचा आहे. पाहणाऱ्याचा शब्द मानायचा की नाही, हे कोण ठरवतं? इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला दिसतो.

आपल्याकडचं हवामानाचं जुनं नाव घ्यायचं तर सहदेव-भाडळीचं घ्यावं लागतं. भाडळी ही बाई. तिचं आणि सहदेवाचं नातं प्रत्येक मुलखात वेगळं सांगतात, पण वारा कुठून आला, ढग कसा दिसला, त्यावरून पाऊस कसा येईल हे सांगणाऱ्यांत एका बाईचं नाव टिकून राहिलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच्याच जोडीला नक्षत्रांचा हिशेब. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं आपल्याला पाठ असतात. कोणत्या नक्षत्राचं वाहन बेडूक, कोणाचं गाढव, कोणाचं हत्ती हे पंचांगात पाहून घरोघरी बोललं जातं. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती धान्य मांडतात आणि दुसऱ्या दिवशी ते पाहून पावसापाण्याचं, पिकांचं भाकीत सांगतात. ते ऐकायला लांबून शेतकरी जमतात.

या परंपरेला आम्ही नावं ठेवत नाही. पेरणी हा जुगार आहे, आणि जुगार खेळणाऱ्याला कुणीतरी धीर द्यावा लागतो. पण एक गोष्ट या सगळ्यात राहून गेली. अंदाज सांगितला गेला, लोकांनी ऐकला, वर्ष सरलं. तो किती वेळा खरा ठरला आणि किती वेळा चुकला, याची गावागावांत नोंद राहिली नाही. मृग नक्षत्र लागतं ७ किंवा ८ जूनला. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोचतो. मधल्या दिवसांत वळवाची एखादी सर येते, मृग बरसला म्हणून पेरणी होते, मग ऊन तापतं आणि दुबार पेरणीची पाळी येते. आपल्या आजीने चाळीस वर्षं पाहिलेलं आभाळ वहीत असतं, तर मृगाच्या पहिल्या सरीवर किती भरवसा ठेवायचा हे तिच्या नातीला मोजून सांगता आलं असतं.

आता जरा दूर जाऊ, कोलकात्याला. सुमारे १८० वर्षांपूर्वी तिथे हेन्री पिडिंग्टन नावाचा एक माणूस राहत होता. तो आधी व्यापारी जहाजावरचा कप्तान होता. वादळात सापडून वाचलेल्या जहाजांच्या रोजनिशा तो गोळा करायचा. वारा कोणत्या वेळी कोणत्या दिशेने होता, हवेचा दाब किती उतरला, हे एकाखाली एक मांडायचा. त्यातून त्याला दिसलं की समुद्रावरची ही वादळं गोल फिरतात. त्यांना इंग्रजीत 'सायक्लोन' हे नाव १८४८ साली त्याच्याच पुस्तकामुळे मिळालं. आपण त्यालाच चक्रीवादळ म्हणतो.

पुढे सरकारने कोलकात्याजवळ मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरवलं. १८५३ साली पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून बजावलं की ही जागा धोक्याची आहे, वादळाबरोबर समुद्र आत शिरेल. त्याचं कुणी ऐकलं नाही. बंदर बांधलं, त्याला पोर्ट कॅनिंग नाव दिलं. पिडिंग्टन १८५८ साली वारला. १८६७ साली वादळ आलं, समुद्र आत घुसला आणि ते बंदर मोडून पडलं.

त्याच काळात इंग्लंडात रॉबर्ट फिट्झरॉय नावाचे दर्यावर्दी अधिकारी होते. १८५९ साली तिथे एका वादळात मोठं जहाज फुटून शेकडो माणसं बुडाली. फिट्झरॉय यांच्या मनात आलं की तारेने बातमी वाऱ्याच्या आधी पोचते, मग किनाऱ्यावर आधी सांगता का येऊ नये? त्यांनी ठिकठिकाणच्या निरीक्षकांकडून रोज तारेने हवामान मागवायला सुरुवात केली. १८६१ पासून वादळाची लक्षणं दिसली की बंदरावर खांबाला खूण टांगायची व्यवस्था झाली. खूण दिसली की कोळ्यांनी समुद्रात जायचं नाही.

आणि मग तक्रारी आल्या. त्या कोळ्यांच्या नव्हत्या, नावांच्या मालकांच्या होत्या. खूण लागली की नावा बंदरात राहतात, दिवसाची कमाई बुडते आणि वादळ कधी येतं, कधी येतच नाही. फिट्झरॉय यांच्यावर टीका झाली. १८६५ साली त्यांनी आपला जीव दिला. पुढच्या वर्षी इशारे बंद करण्यात आले. पण ज्यांना समुद्रात जावं लागत होतं त्यांना ते इशारे हवे होते. मागणी झाली, आणि वर्षभरातच इशारे पुन्हा सुरू करावे लागले.

मैत्रिणींनो, नाव मालकाची, पण जीव कोळ्याचा. आपल्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहून ही गोष्ट ऐकली, तर वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

फिट्झरॉय यांच्याच खात्यात जॉर्ज सिमन्स नावाचा तरुण कामाला होता. त्याला पावसाचं वेड. १८६० साली त्याने १६८ ठिकाणचं पावसाचं मोजमाप गोळा करून छापलं. पुढे नोकरी सोडून तो याच कामाला लागला. त्याने लोकांना आवाहन केलं की अंगणात पर्जन्यमापक लावा, रोज ठरल्या वेळी मोजा, लिहा आणि वर्षाअखेरी मला पाठवा. शिक्षक, डॉक्टर, पाद्री, माळी, शेतकरी, घर सांभाळणाऱ्या बाया, अशी नाना तऱ्हेची माणसं पुढे आली. १९०० साली सिमन्स वारला तेव्हा मोजणाऱ्या जागा ३ हजारांच्या वर गेल्या होत्या. सिमन्सच्याही आधीपासून मोजणाऱ्यांत लेडी बेनिंग नावाच्या एक बाई होत्या. १८३५ ते १८८७, म्हणजे ५२ वर्षं त्यांनी पाऊस मोजला. गाव बदललं की पर्जन्यमापकही त्यांच्याबरोबर जायचा.

त्या वह्या वाया गेल्या नाहीत. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठाने लोकांना विनंती केली की हे जुने कागद वाचून आकडे संगणकावर उतरवून द्या. १६ हजारांच्या वर माणसं मदतीला आली. घरी बसून त्यांनी सुमारे ६५ हजार कागदांवरचे ५० लाखांहून जास्त आकडे पंधरवड्यात उतरवले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी अंगणात उभं राहून लिहिलेला आकडा आज हवा कशी बदलते आहे हे तपासायला उपयोगी पडतो.

आता हा धागा आपल्याकडे कसा आला ते पाहा. १८६४ साली कोलकात्याला भयंकर चक्रीवादळ झालं, त्यानंतर पाऊस दगा देऊन गेला आणि १८६६ साली ओरिसात मोठा दुष्काळ पडला. सरकारला उशिरा का होईना कळलं की एवढ्या मोठ्या देशात पाऊस-वारा पाहायला एक खातं हवं. १८७५ साली भारतीय हवामान खातं सुरू झालं. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. पाऊस मोजायला जी साधी नळकांडी देशभरच्या तहसिलींत बसली, तिचं नावच सिमन्सचा पर्जन्यमापक. पाच इंच रुंद तोंड, आत गाळणं, गाळण्याखाली बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं आणि आकडा रजिस्टरात चढवायचा. एका हौशी माणसाच्या वेडातून पुढे आलेलं साधन असं सरकारी कचेरीच्या आवारात येऊन उभं राहिलं.

खात्याची मुख्य कचेरी आधी कोलकात्याला, मग सिमल्याला, आणि १९२८ साली पुण्यात आली. पुण्यात शिवाजीनगरच्या त्या भागाला अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात ते यामुळेच. या पुण्याच्या कचेरीत १९४८ साली ॲना मणी नावाची केरळची तरुणी दाखल झाली. तिचं नाव आपल्या मुलींना माहीत असायला हवं. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिने हिरे आणि माणकांवर संशोधन केलं होतं, प्रबंधही लिहिला होता. पण एम. एस्सी. ची पदवी नाही म्हणून विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली नाही. ती मागे हटली नाही. इंग्लंडात जाऊन हवामानाची उपकरणं शिकून आली. तोवर आपल्याकडची बरीच उपकरणं परदेशातून यायची. ॲना मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे नकाशे नीट तयार करून घेतले आणि ती देशात बनवायला घेतली. १९५३ साली त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. मोजमाप चुकीचं असेल तर ते नसलेलंच बरं, असा त्यांचा कटाक्ष. १९७६ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

शेतकऱ्यांसाठी हवामानाचं वेगळं वार्तापत्र रेडिओवर १९४५ पासून सुरू झालं. १९४८ साली नागपूरचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि विदर्भाला स्वतःचा आवाज मिळाला. आज नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे, ढगाच्या पोटात पाहणारं रडार आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने वीज कुठे पडते हे टिपणारी यंत्रं महाराष्ट्रात आणि मग देशभर बसवली. त्यावरूनच 'दामिनी' हे मोबाइलचं ॲप चालतं. आपण उभ्या आहोत तिथून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज असेल तर ते सांगतं.

इतकं सगळं असताना आपण कशाला पाहायचं, असं कुणी विचारेल. त्यासाठी हे वादळ कसं तयार होतं ते समजून घेऊ.

हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पार भूमध्य समुद्राकडून निघालेले वाऱ्याचे पट्टे उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यांच्याबरोबर वरच्या थरांत थंड, कोरडी हवा येते. खाली आपल्याकडे बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आलेला असतो आणि जमीन तापलेली असते. वर थंड, खाली गरम आणि ओलं, असं झालं की खालची हवा उसळी मारून वर जाते. ढग डोंगरासारखा वाढतो. पाण्याचे थेंब इतके वर फेकले जातात की तिथे गोठतात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की गार पडते. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत हेच झालं. हातातोंडाशी आलेला गहू, हरभरा, संत्र्याचा बहार, सगळं विदर्भ-मराठवाड्यात झोडपून निघालं.

युरोप-अमेरिकेत थंड हवेची मोठी भिंतच्या भिंत पुढे सरकत येते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी लढाईतल्या शब्दावरून तिला 'आघाडी' म्हटलं. तेवढी मोठी, स्पष्ट थंड आघाडी आपल्यापर्यंत क्वचितच पोचते. पण तिची लहान बहीण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ढगातून पाऊस कोसळू लागला की त्याच्याबरोबर थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. इतका वेळ उकडत असतं, पान हलत नसतं, आणि अचानक वारा दिशा बदलतो. गार झुळूक येते, धूळ उठते, ओल्या मातीचा वास येतो. आपल्याला वाटतं, बरं झालं, गारवा आला. खरं म्हणजे ती वादळ दाराशी आल्याची वर्दी असते. त्या झुळुकीनंतर हातात फारच थोडी मिनिटं उरतात.

आणि इथेच आपली नजर कामी येते. रडार नागपुरात आहे, इशारा तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा असतो, आणि मोबाइलला वावरात कधी रेंज असते, कधी नसते. गार तर अशी की एका शिवारात पडते आणि धुऱ्यापलीकडे पडत नाही. आर्वीला आलेला पाऊस समुद्रपूरला नसतो. आपल्या शिवारात काय झालं, हे सांगायला आपल्याशिवाय कुणी नसतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की बचत गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी एक आभाळाची वही ठेवावी. पाऊस मोजायला उभ्या, सरळ भिंतीचा आणि सपाट बुडाचा डबा किंवा बरणी चालते. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं हवं. घरापासून, झाडापासून दूर, मोकळ्या जागी ती पक्की बसवा. सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा आणि मिलिमीटरमध्ये लिहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही. गडगडाट झाला तर पहिला आवाज किती वाजता, ढग कोणत्या दिशेने आला, वारा कधी फिरला, गार पडली तर ज्वारीएवढी की लिंबाएवढी, किती वेळ, कोणत्या शिवारात. एवढं पुरे. गटात आळीपाळीने लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि दुसरीने लिहावं. पाहणारी नजर बहुधा त्यांचीच तयार असते.

या वहीवरून सरकारी पंचनामा होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण तलाठी किंवा कृषी सहायक गावात आले, की "त्या दिवशी लई पाणी आलं होतं" असं सांगणं वेगळं आणि तारीख, वेळ, मिलिमीटर दाखवणं वेगळं. पाच-दहा वर्षं गेली की तीच वही आपल्या गावची पेरणीची सल्लागार होईल.

विजेच्या बाबतीत मात्र वाट पाहायला वेळ नाही. लखलखाट दिसला की मोजायला लागा. आवाज येईपर्यंत जितके सेकंद, त्याला तीनने भागा, तितके किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम थांबवून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. धुऱ्यावरच्या झाडाखाली थांबू नका. आडोसा नसेल तर एकमेकींपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडव्या बसा, जमिनीवर आडव्या पडू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबून श्वास सुरू करायचा प्रयत्न लगेच करा आणि १०८ ला फोन लावा.

आणि आता राहिला तो जुना प्रश्न. "चला" कोणी म्हणायचं? आमच्या मते हे वावरात, ढग डोक्यावर आल्यावर ठरवायची गोष्ट नाही. त्या वेळी रोजाची चिंता असते, मालकाचा शब्द असतो, ठेक्याचं काम उरकायचं असतं. ते सकाळीच ठरवावं, रोज ठरवताना. रांगेतल्या एकीकडे त्या दिवशी आभाळ द्यायचं. तिने गडगडाट मोजायचा, आणि तीस सेकंदांच्या आत आला की तिचा शब्द शेवटचा. मग मालकीण असो की मजूर, सगळ्यांनी उठायचं. गेलेला अर्धा तास कसा भरून काढायचा तेही आधीच बोलून घ्यायचं. आपल्यातल्या पुष्कळजणी दुसऱ्याच्या वावरात मजूर असतात, तशा आपल्या वावरात मालकीणही असतात. दोन्हीकडे नियम एकच ठेवला तर तो टिकेल.

येत्या बैठकीत हा विषय काढा. वही आणा, पहिल्या पानावर गावाचं नाव आणि तारीख घाला, आणि आभाळ पाहण्याची पहिली पाळी कुणाची ते ठरवा. आपल्या वहीत काय जमा होतं ते आम्हाला कळवत राहा.